पाळत जनतेवर, पडदा सरकारवर

'राष्ट्रीय सुरक्षा' हे दोन शब्द उच्चारले की न्यायालयाने गप्प बसावे, संसदेने मान डोलवावी आणि नागरिकाने आपला फोन, आपली पत्रे व आपला संगणक मुकाट्याने तपासयंत्रणेच्या हवाली करावा, असा दंडक दिल्लीच्या राज्यकर्त्यांनी घालून दिला आहे. देशाचे रक्षण करावे की नाही, असा वाद कोणीही घातलेला नाही. बॉम्ब ठेवणाऱ्यांचा माग काढू नये, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. वाद आहे तो तीन साध्या प्रश्नांचा. पाळतीचा हुकूम काढतो कोण? तो हुकूम योग्य होता की नाही हे तपासतो कोण? आणि तो अन्यायाचा ठरला तर जाब देतो कोण? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर आज 'सरकार' असे आहे. तिसऱ्याचे उत्तर 'कोणीही नाही' असे आहे.

गोऱ्या साहेबाचा वारसा

ही व्यवस्था काल-परवाची नाही. तारायंत्राचा कायदा इंग्रजांनी १८८५ साली केला आणि गुप्तवार्ता विभागाचा पाया १८८७ साली घातला. तारा आणि टपाल ही साम्राज्याची मज्जातंतू-व्यवस्था होती. तिच्यातून प्रजेचे मन वाचण्याचा अधिकार व्हाइसरॉयच्या नोकरशाहीने स्वतःकडे ठेवला. १९२४ सालच्या कानपूर खटल्यात श्रीपाद अमृत डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यातील पुराव्याचा कणा होता टपालात उघडलेली पत्रे. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड करून उभ्या केलेल्या मीरत खटल्यातही हीच तऱ्हा होती. पत्र लिहिणे हाच गुन्ह्याचा पुरावा आणि पत्र फोडणे हे राजनिष्ठेचे कर्तव्य!

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. १८८५ चा कायदा मात्र जागच्या जागी राहिला. गुप्तवार्ता विभागाचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजतागायत झालेला नाही. १९८६ साली राजीव गांधी सरकारने टपाल फोडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, म्हणून ते अडले. त्याच काळात फोनचोरीचे आरोप राजकारण हादरवीत होते. १९८८ साली कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणात पायउतार व्हावे लागले. मार्च १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकार कोसळले, त्याचे निमित्त राजीव गांधींच्या निवासस्थानावर हरियाणाच्या दोन पोलिसांनी ठेवलेली पाळत हेच होते.

या इतिहासातून एक गोष्ट लख्ख दिसते. सत्ताधारी वर्गाचे पक्ष स्वतःचा फोन ऐकला गेला की लोकशाहीच्या नावाने टाहो फोडतात. सत्तेवर आले की तेच ऐकण्याचे यंत्र ते जपून वापरतात. कायदा बदलण्याची घाई त्यांतल्या कोणालाही नसते. १९८६ साली राष्ट्रपतींच्या सहीवाचून अडलेला अधिकार आणखी व्यापक शब्दांत २०२३ च्या टपाल कायद्यात आला, तो याच वृत्तीमुळे.

हुकूम करणारा तोच, तपासणाराही तोच

फोनचोरीच्या प्रकरणांनंतर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे आणि ते मनमानीने ऐकता येणार नाही. एवढे तत्त्व मान्य झाले. परंतु पाळतीचा हुकूम निघण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी न्यायालयाने मानली नाही. तो कायद्याचा विषय आहे, असे म्हणून ती संसदेवर सोपवली. संसदेने ती जबाबदारी कधीही पार पाडली नाही.

परिणामी जी रचना उभी राहिली ती अशी. केंद्रात हुकुमावर सही करतो गृहसचिव. तो हुकूम तपासते एक पुनर्विलोकन समिती. तिचा अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव आणि सभासद विधी व दूरसंचार खात्यांचे सचिव. म्हणजे एका खोलीतील सचिवाने काढलेला हुकूम शेजारच्या खोलीतील सचिव तपासणार. या साखळीत न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा खासदार नाही, नागरिकाची बाजू मांडणारा एकही माणूस नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ती संपल्यानंतरसुद्धा कळवले जात नाही. अन्याय झाल्याचे ज्याला ठाऊकच नाही, त्याने दाद मागावी तरी कोणाकडे?

या तपासणीची खोली किती, तेही सरकारच्याच समितीने सांगितले आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ साली नोंदवले की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या पुनर्विलोकन समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० हुकूम येतात आणि हे काम वास्तवात अशक्य आहे. हिशेब करून पाहावा. तीन सचिव दहा तास सलग बसले, पाण्यालाही उठले नाहीत, तरी एका हुकमाच्या वाट्याला दोन-अडीच सेकंद येतात. एवढ्या वेळात हुकमावरचे नावसुद्धा धड वाचून होत नाही. याला तपासणी म्हणणे ही जनतेची चेष्टा आहे.

संगणकाच्या बाबतीत तर उरलेसुरले कुंपणही काढून टाकण्यात आले. १८८५ च्या वसाहतवादी कायद्यात निदान एवढी अट होती की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असल्याशिवाय संदेश अडवता येणार नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, लोकसभेत चर्चाही न होता, माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्या कलम ६९ मधून ही अट गळाली आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास हे कारण पुरेसे ठरले. त्या वेळी केंद्रात काँग्रेस आघाडीचे सरकार होते. २० डिसेंबर २०१८ रोजी मोदी सरकारने याच कलमाखाली दहा यंत्रणांना देशातील कोणत्याही संगणकातील माहिती अडवण्याचे व उलगडण्याचे अधिकार दिले. त्या यादीत गुप्तवार्ता विभाग आणि राष्ट्रीय तपास संस्था आहेत, तसेच आयकराचे केंद्रीय मंडळ आणि अंमलबजावणी संचालनालयही आहे. करवसुली ही राष्ट्रीय सुरक्षा केव्हापासून झाली? काँग्रेसने शस्त्र घडवले, भाजपने त्याला धार लावली.

पेगाससचे कोडे

जुलै २०२१ मध्ये जगभरच्या वृत्तसंस्थांनी मिळून पेगासस या स्पायवेअरचे प्रकरण उघडकीला आणले. हे स्पायवेअर मोबाइलमध्ये शिरले की संदेश, छायाचित्रे, ठावठिकाणा सारे काही परक्याच्या हाती जाते. कॅमेरा आणि मायक्रोफोनही त्याच्या इच्छेने चालू होतात. ते बनवणारी इस्रायलची एनएसओ ही कंपनी स्वतःच सांगते की माल केवळ सरकारांना व सरकारी यंत्रणांना विकला जातो. संभाव्य लक्ष्यांच्या यादीत भारतातील पत्रकार, विरोधी पक्षांचे नेते आणि चळवळीतील कार्यकर्ते यांचे क्रमांक होते. यादीत क्रमांक असणे म्हणजे फोन फोडला गेला असे नव्हे, हे खरे. पण सरकारला विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता. हे स्पायवेअर घेतले की नाही, वापरले की नाही?

सरकारने सर्वोच्च न्यायालयात आरोप नाकारणारे दोन पानी प्रतिज्ञापत्र दिले आणि या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर देण्याचे टाळले. कारण पुन्हा तेच, राष्ट्रीय सुरक्षा! २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने बजावले की हे शब्द उच्चारल्याने सरकारला दर वेळी मोकळे सोडता येणार नाही. निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या अहवालातून दोन गोष्टी न्यायालयात वाचून दाखवण्यात आल्या. तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, मात्र ती पेगाससच असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झाले नाही. आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. तो अहवाल संपूर्ण स्वरूपात जनतेपुढे आलेला नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयात तोंडी असे उद्गार निघाले की देशाने स्पायवेअर बाळगण्यात वावगे काय, ते कोणाविरुद्ध वापरले जाते हा प्रश्न आहे. नेमका हाच तर प्रश्न आहे! आणि त्याचेच उत्तर पडद्याआड आहे.

येथे राज्यकर्त्यांपुढे एक पेच उभा राहतो आणि त्यातून सुटका नाही. भारतीय नागरिकांचे फोन भारत सरकारने फोडले असतील, तर कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या सहीने, हे सांगावे लागेल. देशाच्या कायद्यात संदेश अडवण्याची तरतूद आहे, नागरिकाच्या यंत्रात घुसून ते ताब्यात घेण्याचा स्पष्ट अधिकार कोठेही नाही. आणि सरकारने फोडले नसतील, तर परक्या सत्तेने भारतीय पत्रकारांवर व लोकप्रतिनिधींवर हेरगिरी केली, असा अर्थ होतो. मग राष्ट्रीय सुरक्षेचे हे पहारेकरी त्या परक्या सत्तेचा शोध घेण्यासाठी जिवाचे रान का करीत नाहीत? तज्ज्ञांच्या समितीला मदत करण्याऐवजी दार लावून का बसले? ज्याच्या घरी चोरी झाली तोच पंचनामा नको म्हणू लागला, तर शेजाऱ्यांनी काय समजावे?

पुरावा शोधला की पेरला?

पाळत केवळ ऐकण्यापुरती राहते, असा समज करून घेण्यात धोका आहे. ज्या वाटेने यंत्रातून माहिती बाहेर काढता येते, त्याच वाटेने ती आतही घालता येते. भीमा कोरेगाव प्रकरणाने ही शक्यता देशापुढे मांडली. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर पुणे पोलिसांनी आणि पुढे राष्ट्रीय तपास संस्थेने मिळून १६ वकील, प्राध्यापक, कवी आणि कार्यकर्त्यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली तुरुंगात टाकले. खटल्याचा मुख्य आधार होता संगणकात सापडलेली पत्रे.

बचावपक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने संगणकांच्या प्रती तपासल्या. फेब्रुवारी २०२१ च्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की रोना विल्सन यांच्या संगणकाचा ताबा अज्ञात हल्लेखोराकडे २२ महिने होता आणि आरोपाचा आधार असलेली दहा पत्रे बाहेरून आत ठेवलेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेने फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबाबत तसाच अहवाल दिला. तपास संस्थेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत आणि खटल्यात त्यांची कसोटी लागायची आहे. पण कसोटी लागणार केव्हा? ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तो सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढूनही खटला सुरू झाला नाही म्हणून. आदिवासींच्या जमिनीसाठी झारखंडात आयुष्य वेचणारे स्टॅन स्वामी तोवर राहिले नव्हते. कंपवाताने हात थरथरत असताना पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागणारा हा ८४ वर्षांचा म्हातारा ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, मुंबईत कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या संगणकात काय होते, याचा निवाडा न्यायालयाने केलाच नाही. शिक्षा मात्र पुरी झाली.

सुरक्षेच्या कायद्यांची ही कार्यपद्धती आहे. जामीन मिळणे जवळजवळ अशक्य असलेला कायदा आणि बंद यंत्रातील पुरावा यांची सांगड घातली की खटला चालवण्याची गरजच उरत नाही. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्ली पोलिसांनी याच कायद्याखाली न्यूजक्लिकशी संबंधित पत्रकारांच्या घरांवर छापे घालून फोन आणि लॅपटॉप उचलून नेले. संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणे त्यांना लेखी दिली गेली नव्हती. जप्त झालेला पत्रकाराचा फोन म्हणजे त्याच्या बातमीमागील प्रत्येक माणसाचे नाव. गिरणीतला, खाणीतला, कचेरीतला जो माणूस धीर करून काही सांगतो, त्याच्यापर्यंत हात पोचावा, हाच त्या जप्तीचा खरा परिणाम आहे.

दोन लाडके युक्तिवाद

पाळतीचे समर्थक दोन युक्तिवाद करतात. पहिला असा की ज्याने काही वावगे केले नाही त्याला लपवण्यासारखे काय असते? हा प्रश्न त्यांनी आधी सरकारला विचारावा. नागरिकाला लपवण्यासारखे काही नसावे, पण पेगाससच्या खरेदीचा कागद मात्र लपवलेला असावा, हा कुठला न्याय? शिवाय संप करण्यापूर्वी कामगारांची समिती काय बोलली, जमीन-संपादनाविरुद्ध गावाने काय ठरवले, आरोपीने आपल्या वकिलाला काय सांगितले, यात गुन्हा नाही. तरीही हे मालकाच्या वा सरकारच्या कानी आधीच पडले तर संप मोडतो, गाव फुटते, खटला हरतो. ज्यांच्याजवळ पैसा व पोलीस नाहीत, त्यांच्याजवळ संघटना असते. आणि आपसात निर्भयपणे बोलता आले नाही तर संघटना उभी राहत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक निर्लज्ज आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने असे मांडण्यात आले की गरिबी असलेल्या विकसनशील देशात खाजगीपणा हा मूठभर सुखवस्तूंचा चोचला आहे. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने हा दावा फेटाळला आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वस्तुस्थितीही सरकारी दाव्याच्या नेमकी उलट आहे. पाळतीचा पहिला प्रयोग गरिबावरच होतो. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. रोजगार हमीच्या मजुराला जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागी मोबाइलवर छायाचित्र काढून हजेरी सिद्ध करावी लागली. मजुराच्या मनगटापासून संपादकाच्या फोनपर्यंत राज्यकर्त्यांची दृष्टी एकच आहे. जो सत्तेला उत्तरदायी धरू शकतो, त्याला नजरेत ठेवायचे.

राहिला दहशतवादाचा धाक. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात मुंबईने मोजलेली किंमत कोणीही विसरणार नाही. म्हणूनच त्यातील धडा नीट समजून घेतला पाहिजे. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताजसारखी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना आधी आलेल्या होत्या. तुटवडा सूचनांचा नव्हता. आलेल्या सूचनेवर वेळेत, जबाबदारीने कृती करणारी यंत्रणा नव्हती. त्यावर उपाय म्हणून कोट्यवधी निरपराधांची संभाषणे गोळा करणे म्हणजे हरवलेली सुई शोधण्यासाठी गवताची गंजी आणखी मोठी करणे होय.

बदलाची दिशा कोणती?

२०१७ च्या निर्णयानंतर कायदे सुधारतील, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित असताना दूरसंचार कायदा मंजूर झाला. १८८५ चा कायदा मोडीत निघाला, त्यातील पाळतीचा अधिकार आणि सचिवांची समिती मात्र नव्या वेष्टणात कायम राहिली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्या कायद्यातून वगळण्याची मुभा दिली. एवढ्यावर न थांबता त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराला कात्री लावली. वैयक्तिक माहिती म्हटली की ती नाकारण्याची सोय झाली आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. जनतेची माहिती सरकारला खुली, सरकारी बाबूची माहिती जनतेला बंद! लोकशाहीत राज्यकर्ता पारदर्शक असावा आणि नागरिकाला आडोसा असावा. येथे आडोसा राज्यकर्त्याला मिळाला आहे.

तरीही ही वाट अटळ नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच घालण्याचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर ओरड होताच ३ डिसेंबर रोजी ती सक्ती मागे घ्यावी लागली. आवाज उठला की सत्ता मागे सरते, याचा हा ताजा दाखला आहे. न्यायालयेही प्रसंगी कणखर होतात. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा धोका तेथे नव्हताच. मात्र एकेका निकालाने व्यवस्था बदलत नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागतो आणि कायदा लोकशक्तीच्या रेट्याने बदलतो.

मागण्या स्पष्ट आहेत. पाळतीचा कोणताही हुकूम न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीशिवाय निघू नये. अमेरिकेतील गुप्त न्यायालयाचे पितळ २०१३ साली स्नोडेनने उघडे पाडले. म्हणून केवळ बंद दाराआडचा न्यायाधीश पुरेसा नाही, नागरिकाची बाजू मांडणारा वकीलही तेथे असला पाहिजे. पाळत संपल्यावर संबंधिताला कळवण्याचे बंधन असावे. गुप्तवार्ता यंत्रणा संसदेच्या कायद्याखाली आणि विरोधी पक्षांचा समावेश असलेल्या संसदीय समितीच्या नजरेखाली आणाव्यात. किती हुकूम निघाले, किती नाकारले, याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. नागरिकाच्या यंत्रात घुसखोरी करणाऱ्या स्पायवेअरवर बंदी घालावी. फोन वा संगणक जप्त होताच आरोपीच्या समक्ष त्यातील मजकुराचे हॅश मूल्य काढून त्याची प्रत जागीच द्यावी, म्हणजे नंतर एक अक्षर बदलले तरी ते पकडता येईल. बेकायदा मिळवलेला पुरावा न्यायालयात चालणार नाही, अशी तरतूद करावी. आणि रवींद्रन समितीचा अहवाल प्रसिद्ध करावा.

यांपैकी एकाही मागणीने खऱ्या दहशतवाद्याचा केसही वाचणार नाही. ज्या तपासापाशी सबळ कारण आहे, त्याला न्यायाधीशापुढे उभे राहण्याची भीती कसली? अडचण होईल ती फक्त कारण नसताना ऐकणाऱ्यांची. राष्ट्र म्हणजे गृहमंत्रालयाची कचेरी नव्हे. शेतात, कारखान्यात, वस्तीत राबणारी आणि आपल्या हक्कांसाठी एकत्र येऊन बोलणारी जनता म्हणजे राष्ट्र. तिचे बोलणे निर्भय राहिले तरच राष्ट्र सुरक्षित राहील. कानपूर आणि मीरतच्या आरोपींची पत्रे फोडणारे साम्राज्य उरले नाही, ती पत्रे ज्या स्वातंत्र्यासाठी लिहिली गेली ते मात्र आले. त्या स्वातंत्र्याचे रक्षण करण्यासाठी कामगार-किसान संघटनांनी, वकिलांनी, पत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी एकजुटीने हा पडदा फाडण्यास पुढे आले पाहिजे.